धडक १६०ची नसते : संवेगाला दिशा असते

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

समोरासमोरच्या अपघाताच्या बातमीत एक वाक्य पुष्कळदा वाचायला मिळते : ‘दोन्ही गाड्या ताशी ८० किलोमीटरने येत असल्याने धडक ताशी १६० किलोमीटर वेगाने झाली.’ हे वाचताना १६०च्या वेगाने भिंतीवर जाऊन आदळलेली गाडी डोळ्यांपुढे येते. हे चित्र चुकीचे आहे, आणि चूक थोडीथोडकी नाही. ऊर्जेचा हिशेब मांडला तर ती चौपट आहे. शाळा-कॉलेजांच्या उत्तरपत्रिकांतही हीच चूक वेगळ्या रूपात भेटते. म्हणून भौतिकशास्त्र शिकवणारे आम्ही काही जण हे पत्र सविस्तर लिहीत आहोत.

प्रत्येकी १००० किलोच्या दोन सारख्या गाड्या घेऊ. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, तेव्हा प्रत्येकीचा संवेग २२,२०० किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. एकीचा उजवीकडे, दुसरीचा डावीकडे. बेरीज शून्य. धडकेनंतर दोन्ही गाड्या एकमेकींत रुतून जागच्या जागी थांबतात. आता दोन बॉनेटच्या मधोमध एक कागद उभा धरला आहे अशी कल्पना करा. दोन्ही बाजूंनी सारखाच रेटा येतो, म्हणून कागद ना इकडे सरकतो ना तिकडे. प्रत्येक गाडीच्या दृष्टीने तो कागद पक्क्या भिंतीचेच काम करतो. तिचा वेग ८०वरून शून्यावर येतो, तिचा संवेग २२,२००ने बदलतो, आणि तिच्या जवळची २.४७ लाख ज्यूल गतिज ऊर्जा तिच्याच पत्र्यात जिरते. भिंतीवर ८०ने आदळली असती तरी नेमके हेच झाले असते.

भिंतीवर १६०ने आदळणाऱ्या गाडीचा संवेग दुप्पट असतो. ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ती चौपट होते : ९.८८ लाख ज्यूल, आणि ती जिरवायला बॉनेट एकच. दोन गाड्यांच्या धडकेत एकूण ऊर्जा ४.९४ लाख असते, पण ती वाटून घ्यायला बॉनेट दोन असतात. हा दुसरा बॉनेट हिशेबातून निसटतो आणि मग १६०चा आकडा छापला जातो.

१६० हा आकडा अगदीच निराधार आहे असे मात्र नाही. गाड्या एकमेकींच्या जवळ येण्याचा वेग १६०च आहे. ब्रेक न लावता उभ्या असलेल्या तशाच गाडीवर कोणी १६०ने आदळले, तर दोन्ही मिळून ८०ने पुढे जातील. म्हणजे एकीचा वेग ८०ने घटला, दुसरीचा ८०ने वाढला. हिशेब करून पाहिल्यास पत्र्यात जिरलेली ऊर्जा इथेही ४.९४ लाख ज्यूलच येते. म्हणून ‘उभ्या गाडीवर १६०ने’ हे बरोबर आणि ‘भिंतीवर १६०ने’ हे चूक. भिंत पृथ्वीला जखडलेली असते, उभी गाडी मागे सरकू शकते. सगळा फरक त्या सरकण्यात आहे.

सारख्या वजनाच्या गाड्यांपेक्षा आपल्या रस्त्यांवर जास्त दिसते ती ट्रक आणि कारची धडक. तिचे गणित पूर्ण मांडून दाखवणे आम्हांला आवश्यक वाटते, कारण संवेग, आवेग (म्हणजे बल गुणिले वेळ) आणि टक्कर या तिन्ही गोष्टी त्या एका गणितात येतात.

ट्रक ९००० किलो, कार १००० किलो. दोन्ही ताशी ५४ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १५ मीटरने समोरासमोर येतात आणि धडकेनंतर एकमेकांत अडकून राहतात. ट्रकची दिशा धन धरू. ट्रकचा संवेग अधिक १,३५,०००, कारचा उणे १५,०००. बेरीज १,२०,०००. एकूण वस्तुमान १०,००० किलो, म्हणून धडकेनंतरचा वेग सेकंदाला १२ मीटर, ट्रकच्या दिशेने. ट्रकचा वेग १५वरून १२ झाला : बदल ३. कार उणे १५ होती, ती अधिक १२ झाली : बदल २७. ट्रकच्या संवेगातला बदल ९००० गुणिले ३ म्हणजे २७,०००. कारच्या संवेगातला बदल १००० गुणिले २७, तोही २७,०००.

इथे वर्गातली बरीच मुले बिचकतात. कारचा चुराडा झाला आणि ट्रकला खरचटले, मग कारवर जास्त बल लागले असणार, असे त्यांना मनापासून वाटते. बल दोघांवर सारखेच लागले. न्यूटनचा तिसरा नियम ट्रकला सवलत देत नाही. धडक ०.१ सेकंद चालली असे धरले तर दोघांवरचे सरासरी बल २.७ लाख न्यूटन येते. तेच बल ९००० किलोला सेकंदाला ३ मीटरने मंद करते आणि १००० किलोला २७ मीटरने उलट फेकते. आत बसलेल्यांना भोगावा लागतो तो हा वेगातला बदल. पट्टा लावलेल्या ६० किलोच्या ट्रकचालकाला थोपवायला सरासरी १८०० न्यूटन पुरतात. कारमधल्या ६० किलोच्या माणसावर १६,२०० न्यूटन येतात, म्हणजे सुमारे दीड टनाहून अधिक वजनाचा भार. ‘ट्रकच्या प्रचंड बलापुढे कारचे बल कमी पडले’ असे वाक्य बातमीत येते तेव्हा नेमकी ही गोष्ट झाकली जाते. बल गाडीजवळ साठवलेले नसते. गाडीजवळ संवेग असतो, ऊर्जा असते. बल धडकेच्या त्या दशांश सेकंदात दोघांच्या मध्ये उत्पन्न होते आणि दोघांवर सारखे चालते.

आता दिशेचे चिन्ह विसरले तर काय होते ते पाहा. १,३५,००० अधिक १५,००० बरोबर १,५०,०००, भागिले १०,०००, उत्तर सेकंदाला १५ मीटर. आकडा नीटनेटका येतो, म्हणून विद्यार्थी त्याखाली दोन रेघा ओढून पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण या उत्तराचा अर्थ काय? ट्रकचा वेग रतिभरही घटला नाही. कार उलटी वळून तितक्याच वेगाने त्याच्याबरोबर निघाली. गतिज ऊर्जा धडकेआधी जितकी होती तितकीच नंतरही राहिली, म्हणजे पत्र्याला पोचासुद्धा पडला नाही. खरे उत्तर घेतले तर ऊर्जा आधी ११.२५ लाख ज्यूल आणि नंतर ७.२० लाख. मधले ४.०५ लाख ज्यूल पत्रा वाकवण्यात, उष्णतेत आणि आवाजात गेले. म्हणून आमचे विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांनाही सांगणे आहे की उत्तर आल्यावर दोन गोष्टी तपासाव्यात. नंतरची गतिज ऊर्जा आधीपेक्षा जास्त तर झाली नाही ना? आणि जिथे काही तुटले-वाकले आहे तिथे ती थोडी तरी कमी झाली आहे ना? या दोन तपासण्यांना अर्धे मिनिट लागते आणि चिन्हाच्या बहुतेक चुका तिथेच सापडतात. किमी-ताशीला ३.६ने भागायचे राहून जाणे आणि ग्रॅमचे किलो न करणे या चुका वेगळ्या. त्या सरावाने जातात. चिन्हाची चूक सरावाने जात नाही, कारण ती समजुतीतली आहे.

ही समजूत जुनी आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ आणि गणिती देकार्तने १६४४ मध्ये आकार गुणिले चाल ही राशी टकरीत कायम राहते असे लिहिले, पण दिशा हिशेबात घेतली नाही. त्यामुळे त्याचे टकरीचे बहुतेक नियम चुकले. लहान वस्तू कितीही वेगाने येऊन स्थिर मोठ्या वस्तूवर आदळली तरी मोठीला हलवू शकत नाही, असा त्याचा एक नियम होता. १६६८-६९ मध्ये वॉलिस, रेन आणि हायगेन्स या शास्त्रज्ञांनी टकरींबद्दलचे आपले निष्कर्ष लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले आणि दिशेसह धरलेला संवेगच कायम राहतो हे स्पष्ट झाले. नववीतला मुलगा जी चूक करतो ती देकार्तची आहे. तिला मूर्खपणा म्हणून लाल शाई मारण्याऐवजी तिच्यावर एक तास खर्च करावा, असे आम्हांला वाटते.

मराठीत शिकणाऱ्यांची एक अडचण शब्दांची आहे. वेग, संवेग, आवेग हे तिन्ही शब्द एकाच साच्यातले. नववीच्या ‘गतीचे नियम’ या धड्यात संवेग भेटतो, आणि अकरावीत विज्ञान शाखेला गेल्यावर तोच मोमेंटम होऊन येतो, सोबत इम्पल्स येतो. मधल्या काळात ‘संवेग म्हणजे जास्तीचा वेग’ अशी समजूत पक्की होते. आवेग हा शब्द तर रोजच्या बोलण्यात रागालोभाशी जोडलेला. आमचे मत असे की सुरुवातीचे चार दिवस आवेगाला सरळ ‘धक्का’ म्हणावे आणि व्याख्या द्यावी : धक्का म्हणजे बल गुणिले वेळ. बंद पडलेल्या जीपला धक्का मारणे काय असते हे मुलांना ठाऊक असते. १६०० किलोची जीप, चार माणसे, प्रत्येकाचा जोर २५० न्यूटन, असे चार सेकंद ढकलले. एकूण धक्का ४००० न्यूटन-सेकंद. चाकांच्या लोटण्याचा विरोध सुमारे २३५ न्यूटन धरला तर चार सेकंदांत त्यातले ९४० वजा जातात आणि ३०६० उरतात. भागिले १६००, म्हणजे सेकंदाला १.९ मीटर, ताशी जवळजवळ ७ किलोमीटर. दुसरा गिअर टाकून क्लच सोडायला एवढे पुरते. एकाच माणसाने ढकलले तर २५०मधले २३५ विरोधालाच जातात आणि जीप जेमतेम हलते. बल आणि वेळ यांचा गुणाकार म्हणजे काय, हे या उदाहरणाने जितके पटते तितके व्याख्या पाठ करून पटत नाही. मग ‘धक्का म्हणजे संवेगातला बदल’ हे सांगितले की आवेग हा शब्द आपोआप जागेवर बसतो.

झेल घेताना हात मागे नेण्याचे उदाहरण पुस्तकात असते आणि ते चांगलेच आहे. पण ते अर्धवट शिकवले जाते. ‘हात मागे नेल्याने आवेग कमी होतो’ असे उत्तरपत्रिकेत लिहिले जाते. आवेग कमी होत नाही. १६० ग्रॅमचा चेंडू सेकंदाला ३० मीटरने आला की त्याला थांबवायला ४.८ न्यूटन-सेकंद लागणारच, हात ताठ ठेवा की मागे न्या. ताठ हातात तो ३ सेंटिमीटरमध्ये थांबला तर वेळ ०.००२ सेकंद आणि सरासरी बल २४०० न्यूटन. हात ३० सेंटिमीटर मागे नेला तर वेळ ०.०२ सेकंद आणि बल २४०. तोच चेंडू फलंदाजाने सेकंदाला ४० मीटरने उलट धाडला, तर संवेगातला बदल ०.१६ गुणिले ७० म्हणजे ११.२ येतो. ४०मधून ३० वजा करून १.६ लिहिणारे खूप असतात. पुन्हा तेच चिन्ह.

उसळून परत जाणारी वस्तू थांबणाऱ्या वस्तूपेक्षा जास्त धक्का देते, हे पटायला मुलांना वेळ लागतो. चिखलाचा गोळा चिकटून बसतो म्हणून त्याचा मार जास्त, असे वाटते. कोयनेच्या पोफळीच्या भूमिगत वीजगृहातली पेल्टन चक्रे (पाण्याच्या झोताने फिरणारी टर्बाइन) नेमकी या उसळण्याच्या तत्त्वावर चालतात. त्यांच्या वाट्या पाण्याच्या झोताला नुसते अडवत नाहीत, जवळजवळ उलटा वळवतात. सपाट पात्यापेक्षा त्यामुळे जवळपास दुप्पट रेटा मिळतो. महाराष्ट्रातल्या पुस्तकात हे उदाहरण रॉकेटच्या आधी यायला हवे.

कॅरमकडे शिक्षकांनी अधिक लक्ष द्यावे. स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा आणि सोंगटी ५ ते साडेपाच ग्रॅमची असते, म्हणजे प्रमाण जवळपास तीनास एक. स्ट्रायकर सेकंदाला २ मीटरने सोंगटीच्या बरोबर मध्यावर लागला आणि ऊर्जा मुळीच वाया गेली नाही, तर सोंगटी ३ने सुटते आणि स्ट्रायकर १ने तिच्यामागून जातो. सोंगटीचा वेग स्ट्रायकरच्या मूळ वेगापेक्षा जास्त, हे ऐकून मुले हटकून शंका घेतात. संवेग मोजून दाखवावा : आधी ३०, नंतर १५ अधिक १५. तिरक्या फटक्यात आणखी एक सुंदर गोष्ट दडलेली आहे. एका स्थिर सोंगटीला लागून स्ट्रायकरची वाट साडेएकोणीस अंशांपेक्षा जास्त वळूच शकत नाही, कितीही कडेला मारा. ऊर्जा थोडी वाया गेली तर हा कोन आणखी कमी होतो. सोंगटीला सोंगटी लागली तर मात्र वजने सारखी असल्याने दोघींच्या वाटांमध्ये जवळपास काटकोन पडतो. पावडर टाकलेल्या बोर्डावर मोबाइलने वरून चित्रण करून हे मोजता येते.

प्रयोगाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण ट्रॉली आणि रूळ नाहीत या सबबीखाली हा भाग बहुतेक ठिकाणी फळ्यावरच आटोपला जातो. त्याला लागणारे सामान कुठल्याही गावात मिळते. जुन्या बेअरिंगमधला १६ मिलिमीटरचा पोलादी छर्रा साधारण साडेसोळा ग्रॅमचा भरतो. तेवढ्याच व्यासाची काचेची गोटी साडेपाच ग्रॅमच्या आतबाहेर असते. सोनाराच्या काट्यावर दोन्ही तोलून घ्यावीत. छर्रा सैल न होता घरंगळेल एवढ्या रुंदीची वायरिंगची पीव्हीसी पट्टी घ्यावी. तिला घसरगुंडीसारखा बाक देऊन टेबलाच्या कडेला बांधावी. पट्टीचे वरचे टोक कडेपासून १६ ते १८ सेंटिमीटर उंच आणि कडेजवळचा शेवटचा भाग अगदी आडवा असावा. तिथे ठेवलेली गोटी स्वतःहून कुठल्याच बाजूला गेली नाही की तो आडवा आहे असे समजावे. कडेवरून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करावी. समोर पांढरा कागद चारही कोपऱ्यांना चिकटवून त्यावर कार्बन पेपर शाईची बाजू खाली करून ठेवावा.

पट्टीचे टोक जमिनीपासून ७८ सेंटिमीटर उंच असेल तर कुठलीही वस्तू तिथून खाली यायला ०.४ सेकंद घेते, मग ती जड असो की हलकी, जवळ पडो की लांब. म्हणून ओळंब्यापासून ती जितकी लांब पडते ते अंतर तिच्या वेगाच्या प्रमाणात असते. घड्याळाची गरजच उरत नाही. आधी एकटा छर्रा एका ठरावीक खुणेवरून पाच वेळा सोडून पाच ठिपक्यांचा मध्य काढावा. समजा तो ६० सेंटिमीटरवर आला. मग गोटी पट्टीच्या अगदी टोकाशी ठेवून त्याच खुणेवरून पुन्हा छर्रा सोडावा. वजने तीनास एक असतील तर छर्रा सुमारे ३१.५ आणि गोटी ८५.५ सेंटिमीटरवर पडावी, अशा बेताची मापे अपेक्षित आहेत. वजन गुणिले अंतर करून पाहा : आधी ३ गुणिले ६०, म्हणजे १८०. नंतर ९४.५ अधिक ८५.५, तेही १८०. दूर जाण्याचा वेग भागिले जवळ येण्याचा वेग म्हणजे ५४ भागिले ६०, बरोबर ०.९. अकरावीत यालाच कोइफिशंट ऑफ रेस्टिट्यूशन म्हणतात. गतिज ऊर्जा वजन गुणिले अंतराच्या वर्गाने मोजली तर ती पाच टक्क्यांच्या आसपास घटलेली दिसते. ऊर्जा घटली आणि संवेग मात्र तसाच राहिला, हे एकाच कागदावर दिसते. ‘संवेग फक्त लवचीक (ऊर्जा वाया न जाणाऱ्या) टकरीतच कायम राहतो’ हा अकरावीतला सर्वांत चिवट गैरसमज या एका कागदाने दूर होतो.

प्रयोग बिघडतो तो ठरावीक जागी. छर्रा बोटाने सोडताना नकळत ढकलला जातो, म्हणून त्यापुढे फूटपट्टी आडवी धरून ती झटकन वर उचलावी. गोटी आधी आणि छर्रा मागून असेच हवे. उलट केले तर हलकी गोटी छर्ऱ्याला आपटून पट्टीवर मागे जाते आणि मापच मिळत नाही. शिवाय टकरीनंतर छर्रा कडेपर्यंतचे शेवटचे दीडेक सेंटिमीटर पट्टीवरच असतो आणि त्याचे गरगर फिरणे आधीच्या वेगाचे असते. ते घर्षण त्याला थोडे पुढे रेटते, त्यामुळे तो हिशेबापेक्षा एकदोन सेंटिमीटर लांब पडतो आणि बेरीज १८०च्या थोडी वर जाते. आकडे जुळवण्यासाठी मुलांनी ठिपका खोडू नये. घर्षण हे बाहेरचे बल आहे, त्याने बाहेरून थोडा धक्का दिला, आणि तो किती हे १८०च्या वर गेलेल्या आकड्यावरून काढता येते. हीच खरी शिकण्याची जागा आहे.

बाहेरच्या बलाचा हा प्रश्न रस्त्यावरही येतो. टायर आणि डांबर यांत घर्षण असताना संवेग कायम कसा धरला, असे चांगला विद्यार्थी विचारतो. वरच्या धडकेत कारवर घर्षणाचे बल फार तर ७००० न्यूटन, ०.१ सेकंदात त्याचा धक्का ७००. धडकेचा धक्का २७,०००. म्हणून धडकेपुरते घर्षण सोडून देता येते. धडकेनंतर गाड्या घासत जातात तेव्हा मात्र घर्षणच सगळे ठरवते. चाके पूर्ण अडकलेली आणि घर्षण गुणांक ०.७ (म्हणजे घर्षणाचे बल वजनाच्या ०.७ पट) असेल तर सेकंदाला १२ मीटरने निघालेला तो ढीग साडेदहा मीटरवर थांबतो. अपघाताचा तपास करणारे याच वाटेने उलटे जातात. घासत गेल्याच्या खुणांवरून धडकेनंतरचा वेग आणि त्यावरून, संवेग वापरून, धडकेआधीचा वेग. दोन टप्पे वेगळे ठेवावे लागतात. धडकेच्या टप्प्यात ऊर्जा कायम धरली तर पत्र्यात गेलेले ४.०५ लाख ज्यूल हिशेबातून गळतात आणि चालकाचा वेग प्रत्यक्षापेक्षा कमी निघतो.

वाचकांच्या घराशी थेट संबंध असलेल्या तीन गोष्टी याच गणितातून येतात.

पहिली हेल्मेट. उभ्या माणसाचे डोके १.८४ मीटरवरून खाली आले तर रस्त्याला टेकताना त्याचा वेग सेकंदाला ६ मीटर असतो. यासाठी गाडी पळत असण्याचीही गरज नाही. डोके ५ किलोचे धरले तर ३० न्यूटन-सेकंदांचा धक्का अटळ आहे. डांबरावर ते ३ मिलिमीटरमध्ये थांबले तर सरासरी बल ३०,००० न्यूटन. हेल्मेटच्या आतला थर्माकोल २५ मिलिमीटर चेपला तर ३६००. वाचवतो तो हा चेपणारा थर्माकोल. बाहेरच्या कडक कवचाचे काम मार पसरवण्याचे. रस्त्याच्या कडेला मिळणाऱ्या काही हेल्मेटांत थर्माकोल नसतोच, नुसता स्पंज असतो. तो बोटानेच पूर्ण दबतो, मग डोक्याला थांबायला अंतर उरत नाही. आतले अस्तर बाजूला करून थर्माकोल आहे का ते पाहावे आणि हेल्मेटसाठीच्या भारतीय मानकाचा, म्हणजे आयएस ४१५१चा, शिक्का पाहावा. एकदा मोठा मार बसलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलावे, कारण चेपलेला थर्माकोल परत फुगत नाही.

दुसरी, कारमध्ये मांडीवर घेतलेले मूल. १० किलोचे बाळ, ताशी ५० किलोमीटर, थांबायला ०.१ सेकंद : त्याला धरून ठेवायला सुमारे १४०० न्यूटन लागतात. म्हणजे १४० किलोचे ओझे दोन हातांवर अचानक पेलायचे. कुठलीही आई, कुठलाही बाप ते करू शकत नाही. लहान मुलाला त्याच्या मापाची पट्ट्याची खुर्चीच हवी.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘आताच्या गाड्यांचा पत्रा कचकड्याचा, जुन्या गाड्या दणकट’ ही तक्रार. सेकंदाला १५ मीटरने आदळलेल्या गाडीचे नाक ६० सेंटिमीटर चेपले, तर आतल्यांवर गुरुत्वत्वरणाच्या १९ पट मारा येतो. दणकट नाक १० सेंटिमीटरच चेपले, तर ११५ पट. नाक चेपण्यासाठीच बनवलेले असते. त्यापुढे चासीला थेट जोडलेला लोखंडी क्रॅशगार्ड लावला की धक्का चेपणारा भाग ओलांडून आत जातो, आणि एअरबॅगच्या सेन्सरची वेळही चुकू शकते. समोर पादचारी असेल तर तो लोखंडी नळीवरच आदळतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला कळवले होते. तरी ते आजही सर्रास विकले आणि बसवले जातात, याची आम्हांला काळजी वाटते.

संपादक महाशय, आपल्या वार्ताहरांना एवढे सांगावे : समोरासमोरच्या धडकेत वेगांची बेरीज छापू नये. त्याऐवजी दोन्ही वाहने कुठली, भरलेली की रिकामी, कोण कुठल्या दिशेने येत होते, आणि धडकेच्या जागेपासून ती किती मीटरवर आणि कुणाच्या दिशेने जाऊन थांबली, हे लिहावे. पट्टे आणि हेल्मेट होते का, तेही. आपल्या दैनिकाच्या विद्यार्थ्यांसाठीच्या पानावर वरचा गोटी-छर्ऱ्याचा प्रयोग मापांच्या आकृतीसह छापणार असाल, तर ती आकृती आणि नोंदींचा कोरा तक्ता आम्ही काढून पाठवू.

आपले,
भौतिकशास्त्राचे काही शिक्षक